विषय : खुलासा छापणेबाबत

झाडेकाकांची आणि माझी ओळख माझ्या एका चुकीमुळे झाली, आणि पुढची अकरा वर्षं ती माझ्या चुकांवरच टिकून राहिली.

मी तेव्हा वर्ध्याला एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात उपसंपादक होतो. कार्यालय म्हणजे बसस्टँडजवळच्या इमारतीत पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. पेपर छापला जायचा नागपूरला. आम्ही जिल्ह्याचं पान तयार करून पाठवायचो. पान भरलं नाही की एजन्सीकडून आलेल्या इंग्रजी मजकुरातलं काहीतरी उचलायचं, मराठी करायचं आणि जागा बुजवायची. नव्वदचं दशक संपत आलं होतं. अशाच एका दुपारी दहा ओळींची जागा उरली आणि माझ्या हाताला एक बातमी लागली. जपानमधल्या कुठल्याशा कंपनीनं हायब्रीड नावाची मोटार बाजारात आणली होती. मी शब्दकोश पाहिला. 'संकरित' असा शब्द मिळाला. मथळा दिला, 'आता पेट्रोल नको. विजेवर धावणार संकरित मोटार'. शेवटी एक वाक्य माझ्याच मनानं जोडलं, की ही गाडी रात्रभर घरच्या प्लगला लावून ठेवली की सकाळी वापरायला तयार. विजेची म्हटल्यावर प्लग आलाच, असं मी धरून चाललो.

तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ जिना चढून वर आले. उंच, वाळकुडे, पांढऱ्या शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, पायात रेल्वेचे काळे बूट, हातात नायलॉनची थैली. थैलीतून त्यांनी कात्रण काढलं, माझ्या टेबलावर ठेवलं आणि तळहातानं सरळ केलं.

"हे लिवनारे साहेब तुमीच काय?"

मी हो म्हणालो आणि कौतुक ऐकायच्या तयारीनं खुर्चीत नीट बसलो.

"चुकलं नाई," ते म्हणाले, "पन बरोबरबी नाई."

हे वाक्य मी पुढे इतक्या वेळा ऐकलं की ते माझ्याही जिभेवर बसलं. एकदा घरी बायकोनं भाजी कशी झाली म्हणून विचारलं तेव्हा ते आपोआप बाहेर पडलं. त्याचा परिणाम बरेच दिवस टिकला.

मनोहर झाडे, राहणार नाचणगाव, पुलगावला लागून. तेहेतीस वर्षं रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये इलेक्ट्रिक फिटर. निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं. त्यांनी मला शांतपणे समजावलं. या गाडीला पेट्रोल लागतंच. इंजिन आहे, त्याच्या जोडीला विजेची मोटर आहे, आणि बॅटरी गाडी स्वतःच भरून घेते. प्लग नाही.

"तुमी प्लग कुठून आनला?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी विषय बदलला. "तुम्हाला एवढं कसं माहीत?"

"आमचं काय आहे साहेब, लोकायले वाट्टे का डिझेलच्या इंजिनात डिझेल चाक फिरवते. नाई फिरवत. डिझेल फिरवते जनरेटर. जनरेटर देते वीज. वीज फिरवते मोटर, अन् मोटर फिरवते चाक. अर्धी हायब्रीड तं आमी जिंदगीभर दुरुस्त केली. जपानवाल्यायनं फक्त उरलेली अर्धी केली."

मग त्यांनी थैलीतून एक कागद काढला. वर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'प्रति, मा. संपादक साहेब. विषय : खुलासा छापणेबाबत.' खाली सात मुद्दे होते. माझी बातमी दहा ओळींची होती.

आमचे कार्यालय प्रमुख देशकर साहेब. त्यांनी तो कागद वाचला आणि खणात टाकला. "एकदा खुलासा छापला," ते म्हणाले, "की लोक बातमी सोडून खुलासाच शोधतात." त्या खणात पुढे झाडेकाकांची इतकी पत्रं जमली की खण उघडेना.

मराठीत हायब्रीड गाडीबद्दल जे काही छापून येई, ते सगळं काका वाचत. नाचणगावच्या वाचनालयात सकाळी पहिले ते जात. तिथं न येणारे पेपर पुलगावच्या रद्दीवाल्याकडे जाऊन चाळत. पुढे वर्ध्यात इंटरनेटची दुकानं निघाली तेव्हा आठवड्यातून एकदा पॅसेंजरनं येऊन तासभर तिथं बसत, एका बोटानं इंग्रजी अक्षरं दाबत. कुणी लिहिलं ही गाडी पाण्यावर चालते, कुणी लिहिलं तिला दोन इंजिनं असतात, कुणी मायलेजच्या आकड्यावर एक शून्य जास्त टाकलं, की काकांचं पत्र निघालंच. नागपूर, अमरावती, पुणे, मुंबई, कुठंही. भाषा कायम नम्र. 'आपल्या लोकप्रिय दैनिकात' अशी सुरुवात आणि 'कळावे, लोभ असावा' असा शेवट. मधे त्या लेखकाचं काही शिल्लक राहत नसे.

आणि या माणसानं हायब्रीड गाडी कधी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. इतकंच काय, त्यांना मोटार चालवता येत नव्हती. ते सायकलवर फिरत.

एकदा पुलगावला एका कार्यक्रमाची बातमी घ्यायला गेलो होतो, तेव्हा त्यांच्या घरी गेलो. दोन खोल्या, मागे न्हाणीघर, पुढे तुळस आणि एक उघडी पडलेली मिक्सरची मोटर. काकांनी खाटेखालून रेल्वेची लोखंडी पेटी ओढली. आत तीन फायली होत्या. एकीवर लिहिलं होतं 'चूक'. दुसरीवर 'फार चूक'. तिसरीवर 'बरोबर'. पहिल्या दोन फुगल्या होत्या. तिसरी उघडली तर आत एकच कात्रण निघालं. गाडीचं छायाचित्र होतं. खाली एकही ओळ छापलेली नव्हती.

काकू पोहे घेऊन आल्या. मी गमतीनं विचारलं, "काकू, तुम्हाला कळतं का हो हायब्रीड म्हणजे काय?"

"न कळाले काय झालं," काकू म्हणाल्या. "आमचं घरच हायब्रीड हाये. अर्धं काम मी करतो. अन् उरलेलं अर्धंबी मीच करतो."

काकांनी मान हलवली. "चुकलं नाई," ते म्हणाले, आणि काकूंकडे पाहून पुढचं वाक्य गिळलं.

दोन हजार साल उलटून गेलं होतं तेव्हाची गोष्ट. वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेला एका गृहस्थांनी पाण्यावर चालणारी स्कूटर तयार केली असं कळलं. मी गेलो. त्यांनी माझ्यासमोर टाकीत गडवाभर पाणी ओतलं, किक मारली, स्कूटर सुरू झाली. मी माझ्या नावानिशी बातमी दिली, फोटोसकट, पानाच्या अगदी वर. लोकांची रीघ लागली. एका शाळेनं त्यांचा सत्कार ठरवला. देशकर साहेबांनी माझी पाठ थोपटली. त्याच दुपारी जिन्यावर काळे बूट वाजले.

काकांनी या वेळी पत्र आणलं नव्हतं.

"साहेब, वास घेतला काय?"

"कसला?"

"चाला माह्यासंगं."

आम्ही ऑटोनं पिपरीला गेलो. अंगणात पन्नासेक माणसं उभी होती. त्या गृहस्थांची बायको प्रत्येकाला चहा देत फिरत होती. पुन्हा गडवा आला, पाणी ओतलं, किक बसली, टाळ्या झाल्या. काका सायलेन्सरजवळ उकिडवे बसले आणि डोळे मिटून, फोडणीचा वास घ्यावा तसा त्यांनी धुराचा वास घेतला. मग सीटखाली हात घातला. हात एका ठिकाणी थांबला. त्यांनी तो बाहेर काढून रुमालाला पुसला, उठले, गृहस्थांच्या कानाशी गेले आणि काहीतरी बोलले. गृहस्थांचा चेहरा उतरला. त्यांनी इंजिन बंद केलं आणि आज गाडी तापली आहे, आता पुरे, असं जाहीर केलं.

परत येताना मी विचारलं, "काय म्हणालात त्यांना?"

"म्हनलं, सीटखालच्या डब्याची नळी ढिली हाये, पेट्रोल गळून राह्यलं. कोनी बिडी पेटवन तं घात होईन."

"मग हे सगळ्यांसमोर काऊन नाही सांगितलं?" त्यांच्याबरोबर राहून मीही काऊन म्हणायला लागलो होतो.

"त्याची घरवाली उभी होती ना तिथं. लोकायले च्या देऊन राह्यली होती. किती खुश होती बिचारी." मग म्हणाले, "पन तुमी तं लिवलं पाह्यजे, साहेब. मी काही पेपर नाई काढत. तुमी काढता."

ते वाक्य मला लागलं. शाळेतली पोरं दोन दिवसांनी त्या स्कूटरवर निबंध लिहिणार होती आणि त्या निबंधाला आधार माझी बातमी होती. मी कार्यालयात आलो आणि खुलासा लिहिला. देशकर साहेबांनी खण उघडायला हात नेला. नोकरीत पहिल्यांदाच मी त्यांना म्हणालो, "साहेब, हे खणात गेलं तर माझं नाव यापुढे कुठल्याच बातमीवर टाकू नका." त्यांनी हात मागे घेतला. शेवटी बाजारभावाच्या खाली, कोपऱ्यात, चार ओळी आल्या. स्कूटर पेट्रोलवर चालत असल्याचे आढळून आले आहे, आधीच्या वृत्ताबद्दल दिलगीर आहोत. शाळेनं सत्कार रद्द केला आणि पुढचा महिनाभर पिपरी मेघेच्या दिशेला मी फिरकलो नाही.

काका दुसऱ्या दिवशी आले. ती चौकट त्यांनी कापून आणली होती. मला वाटलं, आता तिसऱ्या फायलीत दुसरं कात्रण गेलं.

"'पेट्रोल'चं 'पट्रोल' छापलं गेलं," ते म्हणाले. पण त्या दिवशी खालच्या टपरीवरचा चहा त्यांनी पाजला आणि मला बशीत ओतून दिला. हा मान ते फारसा कुणाला देत नसत.

त्यानंतर माझ्या मनात आलं की या माणसालाच लिहू द्यावं. रविवारच्या पुरवणीसाठी मी त्यांना लेख मागितला. त्यांनी महिना घेतला. अकरा पानं आली, आकृत्यांसकट. मी ती तीन पानांवर आणली. प्रत्येक कापलेल्या वाक्याला ते "जाऊ द्या" म्हणत आणि दुसरं वाक्य सुचवत. लेख नागपूरला गेला. वर फक्त 'हायब्रीड' असा शब्द लिहिला होता. आता आमच्या भागात हायब्रीड म्हटलं की एक तर ज्वारी, नाही तर पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. नागपूरच्या टेबलावर ज्यानं कुणी तो कागद उचलला त्यानं सरळ शेतीच्या पानाकडे सरकवला. तिथं जागा कमी होती म्हणून पहिला परिच्छेद उडाला, आणि मोटार हा शब्द नेमका पहिल्याच परिच्छेदात होता. बाकीच्या लेखात सगळीकडे 'ही' आणि 'हिची' असंच होतं. मथळा आला, 'हायब्रीडचे फायदे'. सोबत ज्वारीच्या कणसाचा फोटो. खाली लेखक मनोहर झाडे, नाचणगाव, जि. वर्धा.

मी त्या दिवशी त्यांना तोंड दाखवायला घाबरत होतो. ते आठवडाभरानं आले. थैलीतून पोस्टकार्डांचा गठ्ठा काढला.

"सतरा आले," ते म्हणाले.

मी वरचं वाचलं. आर्वीकडच्या एका शेतकऱ्यानं लिहिलं होतं, 'आपला लेख आवडला. उतारावर आपोआप भरते असे आपण म्हणता. आमचे शेत उताराचेच आहे, तरी दाणा भरत नाही. काय करावे?'

मला हसू आवरेना. काका हसले नाहीत. "त्याले खरंच अडचन हाये," ते म्हणाले. मग कळलं की ते पुलगावच्या कृषी केंद्रात दोनदा जाऊन आले होते. उताराच्या जमिनीत पाणी कसं अडवायचं, कोणतं बियाणं घ्यायचं, सगळं विचारून त्यांनी सतरा जणांना सतरा उत्तरं लिहिली. प्रत्येक पत्राच्या शेवटी मात्र एक ओळ होती, 'ता.क. मूळ लेख मोटारगाडीविषयी होता.' त्यांतल्या दोघांनी पुढेही पत्रव्यवहार चालू ठेवला. एकानं मुलीच्या लग्नाला बोलावलं. काका आणि काकू गेले, जेवून आले आणि मांडवात व्याह्यांना हायब्रीड समजावून आले.

खरी गाडी आली ती त्यानंतर काही वर्षांनी. आष्टी तालुक्यात तळेगाव श्यामजी पंत म्हणून मोठं गाव आहे, नागपूर-अमरावती रस्त्यावरचं. तिथल्या एका किराणा व्यापाऱ्याचे जावई मुंबईत डॉक्टर होते. दिवाळीनंतर ते सासुरवाडीला आले ते परदेशातून मागवलेली हायब्रीड गाडी घेऊनच. आमच्या तिथल्या वार्ताहराचा फोन आला, "साहेब, बिनआवाजाची गाडी आली. अख्खं गाव पाहाले लोटलं."

मी पहिला फोन नाचणगावच्या वाण्याकडे लावला आणि काकांना निरोप दिला.

दुसऱ्या दिवशी मी पुलगावला उतरलो तेव्हा काका स्टँडवर उभे होते. शर्ट इस्तरीचा, बूट पॉलिश केलेले, थैलीत एक जुना टॉवेल. आर्वीला बस बदलून आम्ही तळेगावला जाईपर्यंत ते चकार शब्द बोलले नाहीत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "भेव लागते, साहेब. अकरा वर्सं लोकायले खोडून राह्यलो. मीच चुकलो असन तं?"

व्यापाऱ्याच्या घरासमोर गर्दी होती. गाडी साधीच होती, राखाडी रंगाची, जरा फुगीर. व्यापारी स्वतः दारात खुर्ची टाकून बसले होते आणि हात लावू नका, हात लावू नका म्हणत होते. मी डॉक्टरांना काकांची ओळख करून दिली. डॉक्टर सज्जन होते. त्यांनी काकांना नमस्कार केला. तोवर काकांनी टॉवेल अंथरला होता आणि ते गाडीखाली गेले होते. व्यापाऱ्यांना फक्त काळे बूट दिसत होते. दहा मिनिटांनी काका बाहेर आले, शर्ट मळलेला.

"डॉक्टरसाहेब, चालू करता काय?"

"चालूच आहे," डॉक्टर म्हणाले. "मघापासून."

काका थांबले. गाडीला आवाज नसतो हे त्यांनी किती संपादकांना कळवलं होतं. त्यांनी हळूच बॉनेटवर तळवा ठेवला, मग कान लावला. गर्दीही गप्प झाली. कान तसाच ठेवून ते माझ्याकडे पाहत म्हणाले, "काहीच नाई."

डॉक्टरांनी किल्ली पुढे केली. "चालवून बघा ना."

"मले नाई येत," काका म्हणाले. "तुमी चालवा. मी बसतो."

काका पुढे बसले, मी मागे. हायवेवर आलो. समोरच्या पडद्यावर बाण होते. शक्ती इंजिनातून निघते, मोटरकडे जाते, चाकाकडे जाते, असं दाखवणारे. काका पडद्याकडे झुकले.

"साहेब, आता ब्रेक मारा."

डॉक्टरांनी ब्रेक दाबला. बाण उलटे फिरले, चाकाकडून बॅटरीकडे.

"पुन्हा मारजा."

रस्ता रिकामा होता. डॉक्टर वेग घेत आणि ब्रेक मारत, वेग घेत आणि ब्रेक मारत. मागून आलेला एक ट्रकवाला शिव्या देत पुढे निघून गेला. आठव्या-नवव्या वेळी काका सीटला टेकले आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मोकळे बोलू लागले.

"आमच्या इंजिनातबी हे होते, डॉक्टरसाहेब. घाटात गाडी उतरतानी मोटरच उलटी वीज बनवते. त्याच्यानंच गाडी आवरते. पन तिकडं ती वीज ठेवाले जागा नाई. मंग वरच्या जाळ्यायमंदी सोडतेत, ते लाल होतेत, अन् पंखा ती गरमी हवेत फेकते. तेहेतीस वर्सं मी त्या जाळ्या दुरुस्त केल्या. ती गरम हवा तोंडावर घेतली. साहेबायले इचारलं, हे वाया काऊन घालवता? तं ते म्हने, झाडे, तुमाले जाळी दिली तं जाळी करा." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, आणि शर्ट मळका असल्यानं तो आणखी मळला. "कोनीतरी केलं ना पन. माह्यावानी इचार करनारा कोनी होता तिकडं."

न सांगता डॉक्टरांनी आणखी एकदा ब्रेक मारला.

परत आल्यावर व्यापाऱ्याच्या ओसरीवर बसून मी बातमी लिहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा छापण्याआधी दुसऱ्याला वाचून दाखवली. काकांनी तीन शब्द बदलले. 'भारावून गेले' हे त्यांनी काढायला लावलं. "गाडीविषयी लिवा, माह्याविषयी नाई." बातमी जशीच्या तशी आली. मथळा मात्र नागपूरला लावला होता, 'तळेगावात अवतरली विजेची मोटार'. सकाळीच फोन आला. "मजकूर बरोबर हाये, साहेब. मथळेवाल्याचा पत्ता देता काय?"

पुढच्या वर्षी माझी बदली अकोल्याला झाली. झाडेकाका गेल्याचं मला काकूंच्या पत्रानं कळलं, तेही दोन महिन्यांनी. तळेगावनंतर आमचं बोलणं फोनवरच होत राहिलं, भेट झाली नाही. त्यामुळे ते आठवले की मला त्या संध्याकाळचा तळेगावचा स्टँड आठवतो. मला कामासाठी तिथंच थांबायचं होतं. त्यांना मी आर्वीच्या बसमध्ये बसवून दिलं. त्यांना खिडकी मिळाली. शेजारी एक म्हातारी मांडीवर संत्र्यांची टोपली घेऊन बसली होती. मी खालून हात केला, पण काकांचं लक्ष नव्हतं. त्यांनी म्हातारीला काहीतरी सांगायला सुरुवात केली होती. बोलता बोलता त्यांनी तिच्या टोपलीतली दोन संत्री उचलली. एक उजव्या हातात धरलं, एक डाव्या हातात, आणि दोन्ही एकमेकांजवळ आणून फिरवायला लागले. म्हातारी मन लावून ऐकत होती आणि तिची नजर सतत त्या दोन संत्र्यांवर होती. बस निघाली तेव्हाही संत्री वरच होती.